मांडणी हलकी कशी झाली?

मी आठवीत होतो. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) गुलमंडी भागात माझ्या मामांचे कापडाचे दुकान होते. त्या वर्षी त्यांनी जुनी सागवानी कपाटे काढून लोखंडी अँगलची नवी मांडणी बसवून घेतली. सहा फूट रुंद, सात फूट उंच, दीड फूट खोल, आणि पाच फळ्या. जुने कपाट हलवायला चार माणसे लागायची. ही मांडणी दोघांनी उचलून आत आणली. सगळ्यांना तिचे कौतुक वाटले.

संध्याकाळी दुकानात कामाला असलेला मुलगा आणि मी तागे रचू लागलो. साध्या सुती कापडाचा वीस मीटरचा तागा अडीच-तीन किलोचा भरतो. तिसरी फळी भरत आली तेव्हा मांडणी हळूच डावीकडे कलली. कोणताही अँगल वाकला नाही, मोडला नाही. पत्त्यांचा चौकोन जसा तिरका होत मिटतो तशी ती सबंध मांडणी तिरकी होत गेली आणि ताग्यांसकट खाली आली. मी उजव्या बाजूला होतो म्हणून वाचलो. त्या मुलाचे मनगट मोडले. दिवाळीचा सगळा हंगाम तो हात गळ्यात बांधून बसला.

मामांनी ठरवले की दुप्पट जाडीचा अँगल आणायचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले एक वयस्क मिस्त्री बघायला आले. त्यांनी बोल्ट चाचपले, अँगल उचलून पाहिला आणि म्हणाले, "लोखंड पुरेसं आहे शेठ. त्याला तिरपं धरणारं काही नाही." त्यांनी मांडणी पुन्हा उभी केली आणि मागच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन पातळ पट्ट्या फुलीसारख्या आवळल्या. वर भिंतीला दोन खिळपट्ट्या मारल्या. सगळे काम तासाभरात झाले.

मला शाळेत भूमितीत मिळालेल्या गुणांचा थोडा गर्व होता. मी विचारले, "एका पट्टीनेसुद्धा त्रिकोण होतो. मग दोन कशाला?" मिस्त्री म्हणाले, "पट्टी ओढायला पक्की, ढकलायला कच्ची."

त्या वाक्याचा पूर्ण अर्थ लागायला मला बरीच वर्षे आणि पदार्थविज्ञानाच्या दोन पदव्या लागल्या. दुकानातली मांडणी हलकी कशी होत गेली हे पाहताना तो अर्थ आपोआप उलगडत जातो.

गादीवरून फळीवर

मुळात दुकानात माल मांडून ठेवावा, ही कल्पनाच फार जुनी नाही. बाजारातल्या भाजीवाल्याचे, कुंभाराचे सोडून द्या; त्यांचा माल नेहमीच उघड्यावर असे. पण पेढीवरचा व्यापारी माल दाखवत नसे, काढून देत असे. मलिक अंबरने १६१० साली खडकी गाव वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. हिमरू आणि पैठणी विकणाऱ्या या शहरातले जुने दुकान म्हणजे पांढरीशुभ्र गादी, लोड आणि मागे बंद कपाट. गिऱ्हाईक बसणार, व्यापारी विचारणार, आतून तागा येणार आणि गादीवर उलगडला जाणार. साड्यांच्या अनेक दुकानांत ही रीत आजही टिकून आहे. अशा दुकानात कपाटाचे काम एकच, माल सांभाळणे. ते जड असले तर चांगलेच, कारण चोराला हलवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये वेगळा प्रयोग झाला. आरिस्तिद बूसिको याने १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानाचे रूप पालटले. वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, आणि कोणीही आत येऊन माल पाहावा, घ्यायलाच हवा असे नाही. त्यापुढचे पाऊल १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस येथे पडले. क्लॅरेन्स साँडर्सच्या 'पिगली विगली' या किराणा दुकानात गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांमधून फिरून माल उचलायचा होता. आपल्याकडे मुंबईत नायगावला १९४८ साली सुरू झालेल्या सहकारी संस्थेतून 'अपना बाजार' वाढला, आणि वारणानगरच्या 'वारणा बाजार'ने ही पद्धत ग्रामीण भागातही नेली.

आता फळीचे काम बदलले. माल दिसला पाहिजे, म्हणजे आधार जाडजूड असून चालत नाही. हात पोहोचला पाहिजे, म्हणजे दार नको. सणाप्रमाणे मांडणी बदलली पाहिजे, म्हणजे ती सुटी करता आली पाहिजे. आणि माल तर पूर्वीपेक्षा जास्त! थोडक्यात, कमीत कमी सामान वापरून जास्तीत जास्त भार पेलायचा होता. दुकानदारांना हा प्रश्न पडण्याच्या पुष्कळ आधी तो एका वेगळ्याच माणसाला पडला होता.

नजरकैदेतला प्रश्न

गॅलिलिओचे नाव निघाले की आपल्याला दुर्बीण आठवते. पण धर्मपीठाने शिक्षा दिल्यावर आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना त्याने जे पुस्तक पुरे केले, त्यातला मोठा भाग तुळया मोडण्याबद्दल आहे. पुस्तक १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले. त्याची सुरुवात व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या कारागिरांपासून होते, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. रोज हाताने काम करणाऱ्या या माणसांकडून विचार करणाऱ्याला पुष्कळ मिळते, असे तो सुरुवातीलाच मान्य करतो.

त्याने विचारलेला एक प्रश्न असा: पक्ष्याचे हाड आणि बोरूची काडी पोकळ का? त्याचे उत्तर असे की तेवढ्याच वजनाच्या भरीव काडीपेक्षा पोकळ काडी वाकायला जास्त विरोध करते.

का, ते समजून घेण्यासाठी जाडसर खोडरबराच्या बाजूला पेनने उभ्या समांतर रेघा ओढा आणि तो वाकवा. वरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब जातात, खालच्या बाजूला जवळ येतात. मध्ये मात्र अंतर बदलत नाही. म्हणजे वाकताना वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधला थर जवळजवळ काहीच काम करत नाही! मग मधले सामान काढून कडेला नेले तर? तेच सामान, पण प्रत्येक कण कामाला लागलेला. पोकळ नळी म्हणजे नेमके हेच.

गॅलिलिओचा हिशेब पूर्ण बरोबर नव्हता. तुळई खालच्या कडेवर टेकून वाकते आणि तिचा सगळा छेद ताणला जातो, असे त्याने धरले. त्यामुळे तुळईची ताकद तिप्पट जास्त निघाली. १७७३ साली कूलाँने (विद्युतभारांच्या नियमामुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेला तोच कूलाँ) ताण आणि दाब दोन्ही धरून हिशेब नीट मांडला. पण गॅलिलिओचे प्रमाण बरोबर होते. फळीची जाडी दुप्पट केली की तिची ताकद चौपट होते. ताठपणा तर आठपट होतो, म्हणजे तेवढ्याच भाराखाली फळीला येणारा झोल एक-अष्टमांश होतो. उलट, जाडी तीच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली आणि तिच्यावर सारख्याच दाटीने माल रचला, तर झोल सोळापट होतो. शाळेच्या वाचनालयातली लांबलचक फळी पुस्तकांखाली का पोक काढते, याचे कारण या सोळात आहे.

उभे राहणे आणि लोंबणे

फळीचे झाले. आता तिला उचलून धरणाऱ्या उभ्या खांबाकडे वळू.

प्लॅस्टिकची तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कापडाचा तुकडा ठेवून त्यावर ती उभी धरा आणि वरून बोटाने सावकाश दाबा. काटा काही अंकापर्यंत चढतो आणि पट्टी एकदम बाजूला बाक घेते. आकडा टिपून ठेवा. आता जोडीदाराला पट्टी बरोबर मध्यावर दोन बोटांत हलकेच धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. बोटांनी भार उचललेला नाही, फक्त मध्यावर बाजूला सरकू दिलेले नाही. तरीही पट्टी पहिल्यापेक्षा सुमारे चौपट दाब सहन करते. टोके घसरतात, त्यामुळे आकडा तंतोतंत चौपट येणार नाही. पण फरक डोळ्यांत भरेल.

हॉलंडमधील मुसेनब्रूक याने १७२९ साली अशाच प्रयोगांवरून लिहून ठेवले की बारीक खांबाची लांबी दुप्पट झाली की त्याची भार पेलण्याची क्षमता एक-चतुर्थांश होते. ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली लवचीक वक्रांचा अभ्यास करताना हा नियम गणिताने सिद्ध केला. ऑयलरच्या सूत्राचा मथितार्थ मोठा विलक्षण आहे. लांब, बारीक खांब पडतो तो सामान कच्चे असल्यामुळे नव्हे, तर त्याला बाजूला पळायला जागा असते म्हणून. त्याची क्षमता तीन गोष्टींवर ठरते: सामानाचा ताठपणा, छेदाचा आकार आणि लांबीचा वर्ग. लोखंड किती ओढल्यावर तुटते, हा आकडा त्या सूत्रात येतच नाही!

काही आकडे मांडून पाहू. १.८ मीटर उंचीचा, १० मिलिमीटर व्यासाचा भरीव पोलादी गज घ्या. वजन साधारण १.१ किलो. दोन्ही टोके सुटी धरली तर तो सुमारे ३० किलो भाराला बाक घेईल. आता जवळजवळ तेवढ्याच वजनाची नळी घ्या: बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. ही नळी हिशेबाने सव्वातीनशे किलोंच्या वर जाते. वजन तेच, किंमत फारशी वेगळी नाही, आणि क्षमता अकरापट. गॅलिलिओची बोरूची काडी ती हीच. सायकलच्या सांगाड्यात, मोटारसायकलच्या हँडलमध्ये आणि कपड्यांच्या दुकानातल्या हँगरच्या दांडीत ती आज सर्वत्र दिसते.

आता याच्या उलट बाजू. २ मिलिमीटर व्यासाची पोलादी तार घ्या, लांबी तीच १.८ मीटर. वजन जेमतेम ४५ ग्रॅम. ती छताला टांगून खाली वजन अडकवले तर साधी मऊ तारसुद्धा जवळजवळ ८० किलोंपर्यंत कायमची न ताणता पेलते. सुरक्षिततेसाठी आपण त्याच्या पावभागच, म्हणजे २० किलो धरू. तीच तार खांबासारखी उभी केली तर? ऑयलरच्या सूत्राप्रमाणे ती साधारण ५० ग्रॅमला बाक घेते, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतक्याच भाराला. तार एकच, पण लोंबताना ८० किलो आणि उभी राहताना ५० ग्रॅम! ताणलेली वस्तू सरळ होऊ पाहते. दाबलेली वस्तू पळवाट शोधते.

पानटपरीवाल्याला हे सूत्र कोणी शिकवले नव्हते. पण त्याची टपरी पाहा. जमिनीवर उभे असे जवळजवळ काहीच नाही. सगळा माल लोंबतो आहे. तामिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीतून विकण्याची कल्पना पुढे आणली. १९८३ साली त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी सुरू केलेला 'चिक' शाम्पू अशाच पुडीतून खेडोपाडी गेला. या पुड्यांची माळ म्हणजे मांडणीच्या हलकेपणाची कमाल आहे. तिथे आधार म्हणून वेगळे काहीच नाही. वरची पुडी खालच्या पुडीला धरते, माळेला फक्त एक खिळा लागतो, आणि विकत घेताना गिऱ्हाईक मांडणीच फाडून नेतो.

घडीची ताकद

तरीही सगळा माल टांगता येत नाही. डबे, बरण्या, तागे यांना पृष्ठभाग हवाच. पातळ पत्रा तर कागदासारखा झोल खातो. यावरचा उपाय वर्गात पाच मिनिटांत दाखवता येतो.

वहीचा एक कागद दोन पुस्तकांमध्ये पुलासारखा ठेवा. तो स्वतःच्या वजनानेच खाली येतो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या एक सेंटिमीटर उंचीच्या घड्या घाला आणि घड्या एका पुस्तकाकडून दुसऱ्याकडे जातील असा ठेवा. त्यावर नाणी, खडू, मग रिकामा पेला ठेवून पाहा. कागदात आपण एक कणही वाढवला नाही. फक्त सामान मधल्या थरापासून वर आणि खाली नेले. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर आणि घडीची उंची १० मिलिमीटर. उंची शंभरपट झाली, म्हणून ताठपणा शंभराच्या वर्गाने, म्हणजे हिशेबाने दहा हजारपट वाढला. प्रत्यक्षात घड्या फाकतात आणि चुरगळतात, त्यामुळे एवढा भार मिळत नाही. घड्यांच्या खाली-वर एकेक कागद चिकटवा, म्हणजे त्या फाकणार नाहीत. आता पुस्तक ठेवून पाहा.

हा प्रयोग इतिहासात दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी झाला. लंडनच्या गोदीत काम करणारा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. आपल्या गावातल्या शाळेवर किंवा गोठ्यावर तो पत्रा आजही आहे. कागदाच्या पन्हळी १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी पेटंट केल्या, त्या उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी! १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने हाच कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळण्यासाठी वापरला. १८७४ साली ऑलिव्हर लाँगने पन्हळींना सपाट कागद चिकटवला. म्हणजे आपण आत्ता केलेल्या प्रयोगाची शेवटची पायरी. तिथून खोका जन्मला. आज मोठ्या दुकानात बिस्किटांच्या किंवा साबणाच्या जाहिरातीसाठी जी रंगीत पुठ्ठ्याची मांडणी उभी असते, ती याच खोक्याची वंशज. ती सपाट घडी करून येते, घड्या उघडून उभी राहते, आणि काम झाले की रद्दीत जाते. तिचा शत्रू एकच, पाणी. फरशी पुसताना तळ भिजला की पन्हळी मऊ पडतात आणि मांडणी बसते.

लोखंडी मांडणीची फळीही नीट पाहा. पत्रा पातळच असतो, पण त्याच्या चारही कडा खाली दुमडलेल्या असतात. काही फळ्यांच्या पोटाखाली आणखी एक आडवी पट्टी असते. ही दुमडलेली कड आणि ही पट्टी म्हणजे बरगड्या. बरगड्यांची युक्ती आपल्या भागात फार जुनी आहे. वेरूळची सहल नेलीत तर दहाव्या क्रमांकाच्या, विश्वकर्मा लेण्याच्या छताकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधा. सातव्या शतकातल्या या लेण्याला लोक 'सुताराचे झोपडे' म्हणतात, कारण दगडी छतावर लाकडी बरगड्यांसारख्या बरगड्या कोरलेल्या आहेत. डोंगरात कोरलेल्या छताला त्यांची काहीच गरज नाही. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या, आणि लाकडाच्या हलक्या छताला बरगडीशिवाय उभे राहता येत नव्हते. भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत तर खऱ्या लाकडाच्या बरगड्या आजही शिल्लक आहेत.

भोके पाडलेला अँगल

नळी झाली, घडी झाली. पण दुकानदाराची एक अडचण राहिलीच होती. मांडणी बदलायची तर सुताराला किंवा लोहाराला बोलवावे लागे आणि जुने सामान वाया जाई.

दिमित्रियस कोमिनो हा ग्रीक वंशाचा, १९०२ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेला अभियंता लंडनमध्ये छापखाना चालवत होता. छापखान्यात कागद ठेवायला मांडण्या लागतात, काम बदलले की त्या मोडून नव्या कराव्या लागतात. या खर्चाला कंटाळून त्याने एकच सामान शोधायचे ठरवले, ज्यातून काहीही बनवता येईल आणि पुन्हा सुटे करता येईल. उत्तर होते इंग्रजी 'एल' अक्षरासारखा दुमडलेला पोलादी पट्टा, ज्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर लांबट भोके पाडलेली आहेत. १९४७ साली त्याने 'डेक्सिऑन' ही कंपनी काढली. भारतातही अशा अँगलचे उत्पादन सुरू झाले आणि आज गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात 'स्लॉटेड अँगल' म्हणून तो मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली मांडणीही बहुधा त्याचीच असेल.

या अँगलमध्ये वर पाहिलेली सगळी तत्त्वे एकवटली आहेत. पट्टा दुमडला म्हणून तो ताठ झाला. लांबट भोकामुळे मोजमापात थोडी चूक झाली तरी बोल्ट बसतो. दर फळीपाशी खांब आडवा धरला जातो, म्हणून तो सात फुटांचा एक खांब न राहता दीड-दीड फुटांचे तुकडे एकावर एक ठेवल्यासारखा वागतो. पट्टीच्या मध्यावर तुमच्या जोडीदाराची बोटे होती ना, तेच काम इथे फळ्या करतात. पण एका अटीवर! फळ्या स्वतः बाजूला सरकता कामा नयेत.

मामांच्या मांडणीत हीच अट मोडली होती. प्रत्येक जोडावर एकेकच बोल्ट होता, तोही सैल. एका बोल्टभोवती अँगल बिजागरीसारखा फिरतो. चार बिजागऱ्यांचा चौकोन म्हणजे आधार नव्हे, यंत्र आहे. अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ तुम्ही वर्गात केला असेल. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की मिटतो, त्रिकोण हलत नाही. मामांनी दुप्पट जाडीचा अँगल लावला असता तरी ती मांडणी तशीच मिटली असती. फक्त पडणारे लोखंड दुप्पट झाले असते.

आणि पट्ट्या दोन का? कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची ती पट्टी सुमारे २.८ मीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड होती. मांडणी एका बाजूला कलू लागली की ही पट्टी ओढली जाते, आणि ओढले असता ती अर्ध्या टनाचा ताण सहज घेते. मांडणी दुसऱ्या बाजूला कलली की तीच पट्टी दाबली जाते, आणि तेव्हा ती सव्वा किलोच्या आसपास बाक घेते. भूमितीच्या वहीतला त्रिकोण दोन्ही वेळा सारखाच दिसतो. लोखंडातला त्रिकोण तसा नसतो. म्हणून फुली. मांडणी कुठेही कलली तरी दोनांपैकी एक पट्टी ताणात असते, दुसरी तेवढ्यापुरती स्वस्थ बसते. दोन्ही पट्ट्यांचे मिळून वजन अडीच-पावणेतीन किलो. एकाच जाड पट्टीने दोन्ही कामे करायची म्हटली असती तर ती कितीतरी जड करावी लागली असती. "ओढायला पक्की, ढकलायला कच्ची" या पाच-सहा शब्दांत मिस्त्रींनी ऑयलर सांगितला होता.

हलकेपणाची किंमत

याचा अर्थ मांडणी हवी तेवढी हलकी करता येते, असा नाही. नळीचा व्यास वाढवत आणि पत्रा पातळ करत गेलो तर एक वेळ अशी येते की नळी सबंध वाकत नाही, जागच्या जागी चेमटते. कागदाची सुरळी करून, चिकटवून उभी करा आणि वर दोन-चार वह्या ठेवा. ती पेलते. आता बोटाने तिच्या पोटाला जरासा खड्डा पाडा. सगळे कोसळते. ट्रॉलीचा धक्का लागून पोचा आलेली नळी दुकानात दिसली तर ती रंगवून झाकू नये, बदलावी.

दुसरे म्हणजे तोल. जुने सागवानी कपाट स्वतःच्या वजनामुळे जागचे हलत नसे. हलक्या मांडणीत वजन सगळे मालाचे, आणि तो वरच्या फळ्यांवर असला तर गुरुत्वमध्य वर जातो. म्हणून जड माल खाली ठेवायचा, आणि उंची खोलीच्या चौपटीच्या आसपास गेली की मांडणी भिंतीला बांधायची. मिस्त्रींनी न सांगता मारलेल्या खिळपट्ट्या यासाठी होत्या.

शहरात २०१० साली प्रोझोन मॉल सुरू झाला. तिथल्या नळ्यांच्या मांडण्या पाहायला हरकत नाही. पण विद्यार्थ्यांना घेऊन जायचे असेल तर मी छावणीतला गुरुवारचा किंवा जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार सुचवीन. तिथल्या विक्रेत्याला आपले दुकान सकाळी पाठीवर किंवा दुचाकीवर आणायचे असते आणि संध्याकाळी परत न्यायचे असते. त्याच्यासाठी मांडणीचा प्रत्येक जास्तीचा किलो हा आठवडाभर, गावोगाव वाहायचा किलो आहे. बांगड्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, दोरीने ताणलेले बांबू, कात्रीसारखी मिटणारी लोखंडी घोडी, छत्रीच्या काड्यांवर लटकवलेल्या पिना: प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सामान कमी करत करत ते कुठे हवेच आहे, हे शोधून काढले आहे.

विद्यार्थ्यांनी वहीत प्रत्येक मांडणीचे साधे रेखाचित्र काढावे. जो भाग ताणला जातो तो लाल रेघेने आणि जो दाबला जातो तो निळ्या रेघेने दाखवावा. लाल भाग बहुतेक बारीक आणि निळे भाग जाड, पोकळ किंवा आखूड दिसतील. जिथे तसे दिसणार नाही तिथे थांबावे आणि विक्रेत्याला विचारावे, की हे असे का केले, आणि आधी काय मोडले होते. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरूर लिहून घ्यावे.